तारेचा कॅपॅसिटन्स: कागदावर ३४, माझ्या कोडमध्ये १५१. खोटं कोण बोलतंय?

अर्धामायक्रॉन (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. तंत्रज्ञान विभागात पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

एम.ई.च्या प्रकल्पासाठी चिपमधल्या एका तारेचा कॅपॅसिटन्स काढायचा आहे. मुद्दाम सोपी मापं घेतली: तारेची रुंदी ०.५ मायक्रॉन, जाडी ०.५, आणि खालच्या जमिनीपासून (ग्राउंड प्लेन) उंचीही ०.५. भोवती सगळीकडे सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे सापेक्ष परमिटिव्हिटी (निर्वाताच्या मानाने किती पट चार्ज साठतो तो आकडा) ३.९.

बारावीचं समांतर पट्ट्यांचं सूत्र लावलं: ८.८५४ × ३.९ × (रुंदी ÷ उंची). उत्तर दर मायक्रॉनला ३४.५ अ‍ॅटोफॅरड (१०^-१८ फॅरड).

मग पायथनमध्ये लाप्लासचं समीकरण (मधल्या जागेत व्होल्टेज कसं पसरतं ते सांगणारं) सोडवणारा छोटा कोड लिहिला. १० × १० मायक्रॉनची चौकट, ४०० × ४०० ची जाळी, प्रत्येक बिंदू म्हणजे शेजारच्या चारांची सरासरी, गाउस-सायडलने फिरवत राहायचं. तारेवर १ व्होल्ट, जमिनीवर आणि भिंतींवर शून्य. एका फेरीतला सगळ्यात मोठा बदल ०.०००१ व्होल्टच्या खाली गेला की थांबायचं. तारेला लागून एक पेटी काढून गाउसच्या नियमाने चार्ज मोजला, तर १५१ आले. जवळजवळ साडेचार पट!

आमचे सर म्हणाले, "सूत्र लाव आणि पुढे जा." पण कोणतं सूत्र? आणि माझा कोड चुकलाय की बारावीचं पुस्तक?

भाकरतुकडा
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. एक प्रामाणिक प्रश्न: तार म्हणजे तार, त्यात कॅपॅसिटर कुठून आला? आमच्याकडे पंख्याला एक असतो तेवढा माहीत आहे.

सांजवात
@भाकरतुकडा, दोन धातू आणि मध्ये न वाहणारं काहीतरी असलं की कॅपॅसिटर झालाच, कुणी बनवायला लागत नाही. चिपमध्ये तर तारांवर तारांचे दहा-बारा मजले असतात. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे डोळ्यांसमोर आणा, प्रत्येक दोरी शेजारच्या दोरीला चिकटायला टपलेली. शून्याचा एक करायचा म्हणजे आधी तारेचा हा सगळा कॅपॅसिटन्स भरायचा. तो जितका जास्त तितका सिग्नल उशिरा पोचणार.

@अर्धामायक्रॉन, दोन्ही चुकलेत, पण पुस्तक जास्त. समांतर पट्ट्यांच्या सूत्रात पट्टी अंतराच्या मानाने खूप रुंद आहे असं गृहीत असतं. तुझी तार चौकोनी आहे. तिच्या तळातून विद्युत क्षेत्राच्या जितक्या रेषा निघतात त्याच्या कितीतरी जास्त दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरून वळसा घालून जमिनीवर उतरतात. ती फ्रिंज. तुझ्या मापांना फ्रिंज हीच मुख्य आणि तळाचं क्षेत्रफळ किरकोळ.

साकुराई आणि तामारू यांचं १९८३ चं सूत्र लावून बघ. एकट्या तारेसाठी:

१.१५ × (रुंदी ÷ उंची) + २.८० × (जाडी ÷ उंची)^०.२२२

आणि त्याला परमिटिव्हिटीने गुणायचं. तुझ्याकडे सगळी गुणोत्तरं १, म्हणजे ३.९५. गुणिले ३४.५ म्हणजे साधारण १३६. त्यांनीच चूक ६ टक्क्यांच्या आत सांगितली आहे. तेव्हा १५१ काही बसत नाही.

घिसाडी
कशाला घरी दळण दळतोस बाबा, गिरणी आहे की. लेआउट टूलमध्ये घाल, एक्स्ट्रॅक्शन (आराखड्यावरून तारांचे रेझिस्टन्स-कॅपॅसिटन्स काढणं) चालव, त्या आकड्यांची एसपीईएफ फाइल उघड, आकडा वाच. वीस वर्षं हेच करतोय. तू लाप्लास सोडवत बसलास तर टेपआउट (आराखडा कारखान्यात पाठवणं) पुढच्या दिवाळीला.

अर्धामायक्रॉन
@घिसाडी, दळतोस नाही, दळतेस. :) आणि गिरणीत आत काय चालतं तेच तर बघायचंय.
@सांजवात ताई, खूप आभार. १३६ म्हणजे माझा कोड ११ टक्के जास्त दाखवतोय. जाळी अजून बारीक करू का?

मोजपट्टी
जाळीला हात लावू नकोस. आधी एक चाचणी कर. त्याच उत्तरावर दुसरी, मोठी पेटी काढ: तळ तार आणि जमिनीच्या मधोमध, बाजू आणि वरचं झाकण तारेपासून दोन-तीन मायक्रॉन लांब. तिच्यातून बाहेर पडणारा विद्युत क्षेत्राचा प्रवाह (फ्लक्स) मोज. गाउसचा नियम सांगतो की आत तीच तार असेल तर पेटी कुठलीही घ्या, चार्ज तोच यायला हवा.

माझा अंदाज, तुला मोठ्या पेटीवर वेगळा आकडा मिळेल.

अर्धामायक्रॉन
अय्या! मोठ्या पेटीवर बराच कमी येतोय, १५१ च्या जवळपासही नाही. म्हणजे मधल्या मोकळ्या जागेत चार्ज आहे?! तिथे तर काहीच नाही.

मोजपट्टी
तिथे चार्ज नाही, तिथे न सुटलेलं समीकरण आहे. तुझा कोड अर्ध्यावर थांबलाय.

गाउस-सायडल हे उष्णता पसरण्यासारखं आहे. सुरुवातीला सगळीकडे शून्य, फक्त तार तापलेली. प्रत्येक फेरीत ऊब एकेक घर पुढे सरकते, आणि लांब जायला फेऱ्या अंतराच्या वर्गात लागतात. तारेजवळचा भाग पटकन सुटतो, वरचा मोकळा माळ मात्र थंडच राहतो. थंडी तारेजवळ सरकल्यासारखी होते, उतार जास्त तीव्र दिसतो, म्हणून लागून घेतलेल्या पेटीवर चार्ज फुगतो. लांबच्या पेटीपर्यंत ऊब पोचलेलीच नाही, म्हणून तिथे कमी.

आता "बदल ०.०००१ च्या खाली" ही तुझी थांबायची अट बघ. बदल छोटा म्हणजे चूक छोटी, असं मुळीच नाही. ४०० घरांच्या जाळीवर सगळ्यात आळशी लहर प्रत्येक फेरीत फक्त (π ÷ ४००) च्या वर्गाएवढी घटते, म्हणजे ०.००००६२. उरलेली चूक ही शेवटच्या बदलाच्या १६,००० पटीपर्यंत असू शकते. ०.०००१ गुणिले १६,००० म्हणजे दीड व्होल्ट, आणि तुझी तारच एक व्होल्टची आहे! त्या अटीला अर्थच नव्हता.

दोन उपाय. एक, शेष मोज: समीकरणात उत्तर परत घालून किती उरतं ते, बदल नव्हे. दोन, एसओआर (सक्सेसिव्ह ओव्हर-रिलॅक्सेशन) वापर. प्रत्येक बिंदूला सरासरीकडे नुसतं नेऊ नकोस, थोडं पलीकडे ढकल. ढकलण्याचा गुणांक २ ÷ (१ + साइन(π ÷ ४००)), म्हणजे १.९८४. फेऱ्या जाळीच्या वर्गाऐवजी जाळीच्या प्रमाणात लागतील. कोडमध्ये एकच ओळ बदलते.

घिसाडी
बरोबर. माघार घेतो. असा 'सुटला' म्हणणारा पण न सुटलेला सॉल्व्हर मी प्रॉडक्शनमध्ये पाहिलाय, कुठे ते विचारू नका.

पिनइन्सुलेटर
उशिरा येतोय. वीज मंडळात पारेषणात हयात गेली, आता निवृत्त. तुमच्या चिपा मला कळत नाहीत पण तार आणि जमीन कळते!

आम्ही हे प्रतिमा पद्धतीने करायचो. जमीन काढून टाका, तितक्याच खोलीवर उलट चार्जची दुसरी तार आहे असं समजा. दर मीटरला कॅपॅसिटन्स = २π × ८.८५४ ÷ नैसर्गिक लॉग(२ × उंची ÷ त्रिज्या), पिकोफॅरडमध्ये. १० मीटर उंचीवर १ सेंटिमीटर त्रिज्येची तार घेतली तर लॉग २००० म्हणजे ७.६, उत्तर ७.३ पिकोफॅरड दर मीटर.

आता या मुलीची तार: १३६ अ‍ॅटोफॅरड दर मायक्रॉन. एकक बदलून बघितलं तर ते बरोब्बर १३६ पिकोफॅरड दर मीटर होतं! दहा मीटरवरची माझी तार आणि केसाच्या शंभराव्या भागाएवढी तिची तार, आणि फरक अवघा १९ पट? मी दोनदा तपासलं.

मोजपट्टी
काका, दंडवत. या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुम्ही मांडलात. दर लांबीचा कॅपॅसिटन्स मापावर अवलंबून नसतोच, फक्त प्रमाणावर असतो. सगळं चित्र हजारपट मोठं करा, आकडा तोच. तुमच्या १९ पटीतले ३.९ पट ऑक्साइडचे. उरलेले ४.८ पट एवढ्यासाठी की तिची तार जाडीच्या मानाने जमिनीला चिकटून आहे, तुमची उंच टांगलेली.

चिप लहान होत गेली तसा दर मायक्रॉनचा कॅपॅसिटन्स फारसा बदलला नाही तो याचमुळे. वाढला तो रेझिस्टन्स, कारण त्याला छेदाचं क्षेत्रफळ लागतं.

सांजवात
काकांच्या हिशेबाला माझी जोड. तीच चौकोनी तार तांब्याची, १० मिलिमीटर लांब. तांब्याची रोधकता १.७ × १०^-८ ओहम-मीटर धरली तर रेझिस्टन्स ६८० ओहम. (इतक्या बारीक तारेत प्रत्यक्षात जास्तच, ते सोडा.) दोन्ही बाजूंना ०.५ मायक्रॉनवर शेजारी तारा असतील तर साकुराईच्या पुढच्या सूत्राने शेजाऱ्यांचे प्रत्येकी ०.७९ मिळवायचे, म्हणजे ३.९५ + १.५८ = ५.५३, म्हणजे १९१ अ‍ॅटोफॅरड दर मायक्रॉन. पूर्ण तारेला १.९१ पिकोफॅरड. उशीर अंदाजे रेझिस्टन्स × कॅपॅसिटन्स ÷ २, म्हणजे ०.६५ नॅनोसेकंद. बारावीच्या सूत्राने हाच उशीर ०.१२ आला असता. १ गिगाहर्ट्झच्या चिपमध्ये ठोक्याला १ नॅनोसेकंद मिळतो. आता कळलं आम्ही फ्रिंजसाठी का भांडतो?

म्हणजे शेजाऱ्याशी कपलिंग (दोन तारांमधला थेट कॅपॅसिटन्स) ०.७९ × ३४.५, साधारण २७ अ‍ॅटोफॅरड दर मायक्रॉन.

मोजपट्टी
सगळं मान्य, शेवटचं वाक्य सोडून. ०.७९ ही कपलिंग नाही, *एकूण* कॅपॅसिटन्समध्ये पडलेली भर आहे. शेजारी आला की जमिनीकडे जाणाऱ्या काही रेषा त्याच्याकडे वळतात. जमिनीचा वाटा घटतो, शेजाऱ्याचा वाढतो, आणि दोन्ही मिळून जी निव्वळ वाढ होते ती ०.७९. खरी कपलिंग त्याहून मोठी. सूत्र एकूण आकड्याचं आहे, त्याचे वाटे पाडायला गेलं की फसतं.

आणि वाटे तर लागतातच. शेजारची तार उलट दिशेने स्विच झाली तर कपलिंग दुप्पट भासते, एकाच दिशेने झाली तर शून्य.

सांजवात
बरोबर आहे, चुकले. इतकी वर्षं तोंडी हिशेबात मी तेच वापरत आले. :(

अर्धामायक्रॉन
कोड सुधारला. एसओआर लावलं, शेष मोजला. आता लहान पेटी आणि मोठी पेटी दोन्हींवर आकडा जुळतोय, १३७ च्या आसपास!! काल रात्री आईला उठवून सांगितलं, ती म्हणाली झोप आता.

पण हा आकडा चौकटीच्या भिंतींमुळे थोडा जास्त नाही का? भिंती मी शून्यावर धरल्यात, खऱ्या चिपमध्ये तिथे भिंतच नाही.

मोजपट्टी
छान प्रश्न, आणि याला एक देखणं उत्तर आहे. कोड दोनदा चालव. एकदा भिंती शून्य व्होल्टवर: ही जास्तीची जमीन झाली, म्हणून कॅपॅसिटन्स खऱ्यापेक्षा जास्त. दुसऱ्यांदा भिंतींना लंब दिशेचा उतार शून्य ठेव, म्हणजे रेषांना भिंतीतून बाहेर पडायला बंदी: आता बाहेरच्या जागेतली ऊर्जा हिशेबातून गेली, म्हणून कमी. खरा आकडा दोन्हींच्या मध्ये. दोन्ही आकडे जवळ आले की चौकट पुरेशी मोठी आहे असं समज.

मग उरते जाळीची चूक. तारेच्या टोकदार कोपऱ्याशी विद्युत क्षेत्र अनंताकडे जातं, अंतराच्या -१/३ घाताने. त्यामुळे जाळी निम्मी केलीस तर चूक चौथाई होईल ही पुस्तकी अपेक्षा फोल. होते ती साधारण अडीच पट कमी, २ चा ४/३ घात. हे आधी माहीत असेल तर दोन जाळ्यांच्या उत्तरांवरून तिसरं, अधिक चांगलं उत्तर काढता येतं.

भाकरतुकडा
मला निम्मं कळलं आणि त्या निम्म्यात मजा आली. चालू द्या.

अर्धामायक्रॉन
दोन टोकं १३४ आणि १३७ आली. मी समाधानी आहे. अजून दोन जुनी सूत्रंही सापडली: युआन आणि ट्रिक (१९८२) यांच्या सूत्राने १४०, व्हॅन डर मेइस आणि फोक्केमा (१९८४) यांच्या सूत्राने १३४.

मोजपट्टी
व्हॅन डर मेइस म्हणजे आमच्या डेल्फ्टचे (नेदरलँड्स)! त्यांचं सूत्र: रुंदी/उंची + ०.७७ + १.०६ × (रुंदी/उंची)^०.२५ + १.०६ × (जाडी/उंची)^०.५. तुझ्या मापांना बेरीज ३.८९, तोंडी होते. युआन-ट्रिकची कल्पना गोड आहे: चौकोनी तारेच्या दोन्ही कडा अर्धगोल समजा, मधे सपाट पट्टी. म्हणजे काकांची गोल तार मधून कापून बारावीची पट्टी चिकटवली, इतकंच.

पिनइन्सुलेटर
वाह. म्हणजे आम्ही अगदीच कालबाह्य नाही.

अर्धामायक्रॉन
आता खरी अडचण. हा सगळा छेद होता, द्विमितीय. चिपमध्ये तारा वळतात, एकमेकींना ओलांडतात. त्रिमितीत ४०० × ४०० × ४०० म्हणजे ६.४ कोटी बिंदू, तेही १० मायक्रॉनच्या ठोकळ्यासाठी. माझा लॅपटॉप आधीच विमानासारखा वाजतोय. @घिसाडी काका, गिरणीत हे कसं करतात?

घिसाडी
आलीस ना गिरणीत! आणि काका नको गं, पंचेचाळीसच आहे.

पूर्ण चिपसाठी कुणीही समीकरण सोडवत नाही. कारखान्याच्या प्रक्रियेचे थर (जाड्या, परमिटिव्हिटी) घेऊन आधीच हजारो छोटे नमुने फील्ड सॉल्व्हरने सोडवून ठेवतात: एक तार, दोन शेजारी, वर आडवी तार, वगैरे. त्याचं कोष्टक होतं. मग टूल लेआउटवरून फिरतं, प्रत्येक तुकड्याला जवळचा नमुना शोधतं आणि आकडा उचलतं. पाढे पाठ असले की गुणाकार कोण करतो. मुक्त साधनांतलं मॅजिक बघ, ऐंशीच्या दशकात बर्कलेत सुरू झालेलं. ते आणखी साधं, क्षेत्रफळाला एक दर, परिमितीला एक दर, समोरासमोरच्या भिंतींना एक दर. २०२० मध्ये स्कायवॉटरची १३० नॅनोमीटरची प्रक्रिया गूगलच्या साथीने खुली झाली, तिच्यावर हे फुकटात करून बघता येतं. प्रकल्पात घाल.

सॉल्व्हर लागतो तो कोष्टक भरायला, आणि मोजक्या नाजूक तारा तपासायला. क्लॉक, मेमरीच्या बिटलाइन्स, अ‍ॅनालॉग.

सांजवात
आणि कोष्टकाबाहेरचं काही आलं की फजिती, हेही सांगा. एका जुन्या नोकरीत टायमिंग सगळं हिरवं होतं. नंतर कुणीतरी डमी मेटल भरलं (पॉलिशिंगमध्ये पृष्ठभाग सपाट राहावा म्हणून मोकळ्या जागेत टाकतात ते धातूचे चौकोन) आणि एक्स्ट्रॅक्शन पुन्हा चालवलंच नाही. ते चौकोन कुणाला जोडलेले नसतात, व्होल्टेज माहीत नाही, फक्त एकूण चार्ज शून्य एवढं माहीत. पण ते रेषांना मधे पायरी देतात आणि कपलिंग वाढवतात. पाठवायच्या आदल्या आठवड्यात लक्षात आलं. त्या आठवड्यातलं जेवण मला आठवत नाही.

मोजपट्टी
त्रिमितीसाठी दोन रस्ते आहेत, आणि दोन्हींत जागा भरायची गरजच नाही.

पहिला: चार्ज कुठे असतो? फक्त धातूच्या पृष्ठभागावर. मग जागेची जाळी कशाला, पृष्ठभागाचेच तुकडे करा. प्रत्येक तुकड्यावर अज्ञात चार्ज, प्रत्येकाचा परिणाम १ ÷ अंतर, आणि अट एवढीच की धातूवर सगळीकडे व्होल्टेज सारखं. अज्ञात खूप कमी होतात, पण प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध येतो. एक लाख तुकडे म्हणजे एक हजार कोटी आकड्यांचा तक्ता, ८० गिगाबाइट. तो नुसता मांडायलाच जागा नाही, सोडवायचं दूरच.

इथे १९९१ साली एमआयटीच्या नेबर्स आणि व्हाइट यांनी फास्टकॅप लिहिलं. तक्ता मांडायचाच नाही. उत्तर अंदाजाने घ्या, तक्ता गुणिले अंदाज किती येतो ते काढा, अंदाज सुधारा (जीएमआरईएस नावाची पद्धत, साद आणि शुल्झ, १९८६). आणि तो गुणाकार झटपट करायला ग्रीनगार्ड आणि रोखलिन यांची १९८७ ची बहुध्रुव युक्ती. कात्रजचा घाट उतरताना पुणं दिसतं ना, तेव्हा प्रत्येक घराचा दिवा वेगळा कुठे दिसतो? लांबच्या वस्तीचा एक उजेड. जवळ आलं की गल्ल्या वेगळ्या होतात. लांबच्या तुकड्यांचा एकत्र परिणाम, जवळच्यांचा एकेक करून. खर्च वर्गाऐवजी साधारण तुकड्यांच्या प्रमाणात उरतो.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, कारण त्यात तुकडेच नाहीत. ले कॉझ आणि आयव्हरसन, १९९२: तरंगती यादृच्छिक चाल. जत्रेत हरवलेलं पोर समजा. तारेभोवतीच्या पेटीवर कुठेतरी सोडलं. त्याच्याभोवती कुठल्याही धातूला न कापणारा मोठ्यात मोठा घन काढा, त्या घनाच्या पृष्ठभागावरचा एक बिंदू ठरलेल्या संभाव्यतेने निवडा, पोराला तिथे न्या. पुन्हा घन, पुन्हा उडी. कुठल्या तरी तारेला जाऊन टेकलं की त्या तारेच्या नावावर नोंद. पहिल्या उडीवरून ठरणारं वजन लावून लाखो पोरांची सरासरी काढली की कपलिंग मिळते. हे क्विककॅपसारख्या टूलांचं मूळ.

भाकरतुकडा
इतकी पोरं हरवलेली आणि तुम्ही शांतपणे सरासरी काढताय?

घिसाडी
खिक्. पण ही चाल खरंच कामाची आहे. स्मृती जवळजवळ लागतच नाही, हजार प्रोसेसर असतील तर हजार ठिकाणी पोरं सोडा. पूर्ण चिप भरलेली असो वा नसो, तुला हवी ती एकच तार काढता येते. अडचणी दोन. अचूकता चालींच्या वर्गमुळाने वाढते, १ टक्क्यावरून ०.१ वर जायला शंभरपट चाली. आणि 'अ'ची 'ब'शी कपलिंग व 'ब'ची 'अ'शी, या सारख्याच असायला हव्यात, इथे शेवटच्या आकड्यांत वेगळ्या येतात. नवा माणूस घाबरून बग नोंदवतो. मीही नोंदवला होता.

अर्धामायक्रॉन
पृष्ठभागाच्या तुकड्यांचा कोड मी लिहू शकते का? बहुध्रुव नको, साधा.

मोजपट्टी
जरूर. तारेआधी एक मीटर बाजूचा चौरस पत्रा घे, हवेत एकटा. कॅपॅसिटन्स ४π × ८.८५४ × ०.३६६८, म्हणजे ४०.८ पिकोफॅरड. इतका साधा आकार, पण त्याला नेमकं सूत्र नाही, गणकानेच काढावं लागतं. कॅव्हेंडिशच्या प्रयोगांचं संपादन करताना १८७९ मध्ये मॅक्सवेलने चौरसाचे ३६ तुकडे करून ०.३६०७ काढलं होतं. हाताने.

एक सूचना: तुकड्याचा स्वतःवरचा परिणाम काढताना अंतर शून्य येतं आणि कोड शून्याने भागतो. तिथे १ ÷ अंतराचं तुकड्यावर इंटिग्रेशन घ्यायचं: बाजू × ४ × लॉग(१ + √२), म्हणजे बाजू × ३.५२५५.

अर्धामायक्रॉन
झालं! १ तुकडा: ०.२८४. ४ तुकडे: ०.३२१. ३६ तुकडे: ०.३५१. मॅक्सवेलला तेवढ्याच तुकड्यांत ०.३६०७ आणि मला ०.३५१, म्हणजे बुवांनी काहीतरी जास्त हुशारी केली होती. कोपऱ्याच्या तुकड्यांवर चार्ज किती दाटतो ते बघून थक्क झाले. सरांना दाखवलं, ते म्हणाले प्रकल्पाचं नाव बदल आणि हेच कर.

सांजवात
पुलेशु (पुढच्या लेखनाला शुभेच्छा)! आणि सरांना इथे घेऊन ये.

पिनइन्सुलेटर
मला कोड येत नाही, पण दुपार मोकळी असते. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

९ तुकडे करायचे तर अज्ञात नऊ वाटतात, पण चार कोपरे सारखे, चार कडा सारख्या, मधला एक. तीनच समीकरणं. चार्जची दाटी (दर क्षेत्रफळाला): कोपरा ०.४११, कडा ०.३००, मधला ०.१८१. नवांची सरासरी म्हणजेच एकूण, ०.३३५९. कोपऱ्यावर मधल्याच्या सव्वादोन पट दाटी.

मग वाटलं १६ तुकडे करावे. मजा अशी की तिथेही अज्ञात तीनच: कोपरे चार, कडा आठ, आतले चार. उत्तर ०.३४३७. हिने केलेल्या ३६ तुकड्यांना सहा समीकरणं लागतील, म्हणजे मॅक्सवेललाही सहाच लागली असावीत. तितका धीर मला नाही.

पण मोजपट्टी म्हणाले होते ना, चूक कशी घटते ते माहीत असेल तर दोन उत्तरांवरून तिसरं काढता येतं? इथे चूक तुकड्याच्या बाजूच्या प्रमाणात घटतेय असं दिसलं. म्हणून ४ × ०.३४३७ उणे ३ × ०.३३५९ केलं.

०.३६७१ आलं. हिला ४०.८ पिकोफॅरड हवे होते ना, माझे ४०.८ च झाले. चहा घेतो.